गावात चषक, जिल्ह्यात पहिल्याच फेरीत घरी : कुमार कबड्डी संघाचं नेमकं अडतं कुठे?

अलिबाग, पेण, उरण, रोहा, मुरूड या आपल्या पट्ट्यात भात झोडून झालं की शेतात मैदान आखलं जातं, खांबावर हॅलोजन चढतात आणि रात्र रात्र कबड्डी रंगते. कुमार गटाची पोरं टेम्पोत बसून या गावातून त्या गावात खेळायला जातात. दोन-चार चषक आले की मंडळाचं कपाट भरतं आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. पण हीच पोरं जिल्हा स्पर्धेत किंवा निवड चाचणीला उतरली की बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाहेर पडतात. मग पंचांच्या नावाने बोटं मोडली जातात, नाहीतर नशिबाला दोष दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा संघाच्या बांधणीत आणि कागदांच्या फाइलीत असतं.

आता पावसाळा आहे. मैदानात पाणी आहे, पोरं लावणीला हाताखाली आहेत. पुढच्या हंगामाचा विचार करायला हीच वेळ बरी, म्हणून हा विषय.

हे एवढं महत्त्वाचं का?

कुमार गटाचं वय एकदाच येतं. वीस वर्षं पूर्ण झाली की त्या गटाचं दार बंद होतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र अधिकृत स्पर्धेचंच हवं, आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी व्हावी लागते. गावच्या चषकाचं प्रमाणपत्र कितीही मोठं आणि रंगीत असलं तरी तिथे चालत नाही. पन्नास गावं जिंकलेल्या पोरापेक्षा राज्य स्पर्धेत पदक मिळवलेल्या पोराची फाइल जड असते.

कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईचं उदाहरण घ्या. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीसारख्या छोट्या गावचा हा चढाईपटू. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राच्या पुरुष संघाने ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात तो होता. त्यानंतर प्रो कबड्डीचं दार उघडलं आणि २०१९ च्या लिलावात त्याला १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. सगळ्यांचं असं होत नाही, पण राज्याच्या संघात नाव आल्यावरच लोकांची नजर गेली, हे लक्षात घ्यायला हवं.

एकाच चढाईवाल्यावर संघ

आपल्याकडे बक्षिसं बघा. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, सामनावीर, पब्लिक हिरो. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त चढाईवाल्याला. त्यामुळे दहा वर्षांचं पोरगंसुद्धा चढाईचाच सराव करतं, कोपऱ्यात उभं राहायला कोणी मागत नाही.

आता हिशेब बघू. समजा आपला हुकमी चढाईपटू बाद झाला. तो आत कधी येणार? आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला तरच आपला एक गडी परत येतो, तोही बाद झालेल्या क्रमाने. बोनसने गुण मिळतो, पण गडी परत येत नाही. म्हणजे तो बाहेर बसलेला असताना दोनच रस्ते उरतात. एक तर दुसऱ्या चढाईवाल्याने गडी टिपायचा, नाहीतर कोपरारक्षक आणि मध्यरक्षकांनी पकड करायची. दुसरा चढाईवाला तयार नाही आणि पकड कच्ची, असा संघ असेल तर आपला हिरो बाहेर बसून नुसता ओरडत राहतो. तोपर्यंत सातातले एकेक करत सगळे जातात आणि लोण चढतो. लोणचे २ गुण वेगळेच.

गावच्या स्पर्धेत हे झाकलं जातं, कारण समोरचा संघही तसाच असतो. जिल्ह्याला समोर बांधलेला बचाव येतो. ते पहिल्या पाच मिनिटांत आपला हिरो ओळखतात, त्याच्यासाठी कोपरा लावतात आणि त्याला बाहेर बसवतात.

वर सांगितलेल्या हैदराबादच्या अंतिम सामन्यात रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवलं. फरक फक्त ५ गुणांचा. ५ गुण म्हणजे एक लोण आणि तीन पकडी. मोठ्या सामन्याचा निकाल एवढ्याशा गोष्टीवर फिरतो.

म्हणून कुमार संघ बांधताना आधी दोन कोपरे आणि दोन मध्यरक्षक पक्के करा. डाव्या कोपऱ्याने पाय धरला की मध्यरक्षक किती वेळात अंगावर येतो, हा सराव रोज पन्नास वेळा झाला पाहिजे. चढाईवाले निदान तीन हवेत, त्यातला एक बोनस काढणारा.

मातीतून मॅटवर

दुसरी अडचण मैदानाची. आपली पोरं मातीवर, अनवाणी वाढतात. माती पायाला थोडी सरकू देते. मॅट तसं करत नाही, बूट पकडून धरतं. मातीत घसरत सुटायची सवय लागलेला पोरगा मॅटवर अडकतो आणि गुडघा किंवा घोटा मुरगाळून घेतो. मॅटवर खेळही जास्त वेगाने चालतो.

नियमांचीही धार वाढते. चढाई ३० सेकंदांची. गावात घड्याळ कधी कधी ढिलं चालतं, तिथे चालत नाही. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत असावा लागतो. आपल्या किती पोरांना हे नीट येतं? सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर स्वतः बाद. समोर तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जास्त. हे शेवटचे दोन नियम प्रो कबड्डीमुळे घराघरात पोचले. स्पर्धेच्या पत्रकात ते लागू आहेत का, हे कर्णधाराने आधीच विचारून घ्यावं.

प्रत्येक गावाला मॅट परवडणार नाही. पण तालुक्यात किंवा जवळच्या शाळा-कॉलेजात जिथे मॅट आहे तिथे चाचणीआधी आठवडाभर तास-दोन तास मागून घेता येतात. निदान बूट घालून धावायची सवय तरी घरीच करावी.

वजनकाटा आणि फाइल

कुमार गटाला वयासोबत वजनाचीही अट असते. कित्येक वर्षं मुलांसाठी २० वर्षं आणि ७० किलो, मुलींसाठी ६५ किलो, तर किशोर गटाला १६ वर्षं आणि ५५ किलो अशी मर्यादा रूढ होती. या आकड्यात बदल होऊ शकतो, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक जिल्हा असोसिएशनकडून मागून घ्यावं. जुन्या आकड्यावर विसंबून राहू नये.

वजन दोन-तीन किलो जास्त निघालं की पोरं काय करतात, सगळ्यांना ठाऊक आहे. दोन दिवस जेवण बंद, पाणी बंद, उन्हात जाड कपडे घालून धावणं. काट्यावर पास होतात आणि मैदानात चक्कर येते. शरीरातलं पाणी तोडून खेळणं जिवावरही बेतू शकतं. वजन कमी करायचं तर दीड-दोन महिने आधीपासून, भाकरी-भाजी-मासळी खाऊन, तळलेलं आणि थंड पेयं सोडून करावं. आईला हे सांगितलं की अर्धं काम होतं.

आता कागद. जन्माचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार कार्ड, या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे का? एका अक्षराचा फरकही चाचणीच्या सकाळी अडवतो. दुसरं, खेळाडूची असोसिएशनकडे संघातून नोंदणी झालेली असावी. आज या मंडळाकडून, उद्या त्या मंडळाकडून खेळायची गावची सवय इथे महागात पडते. आणि वय लपवून खेळवणाऱ्यांना हात जोडून विनंती, असं करू नका. पोरगा पकडला गेला तर त्याच्याबरोबर पूर्ण संघ बाद होतो.

दोन वाटा, दोन्ही चालू ठेवा

वर जायला दोन रस्ते आहेत. पहिला असोसिएशनचा : गावचा संघ, जिल्हा अजिंक्यपद आणि निवड चाचणी, मग जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेला, तिथून महाराष्ट्राचा संघ. दुसरा शाळेचा : १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. शालेय स्पर्धेत आपला रायगड मुंबई विभागात येतो, म्हणजे विभागाला ठाणे, पालघर आणि मुंबईच्या तयार पोरांशी गाठ. अकरावी-बारावीला गेलेली बरीच पोरं शाळेची वाट सोडतात, कारण कॉलेजात कुणी नावच देत नाही. सरांना जाऊन विचारावं लागतं.

प्रवासाचंही गणित आहे. श्रीवर्धनकडच्या पोरांना अलिबागला यायचं तर दिघी-आगरदांड्याची जंगल जेट्टी नाहीतर लांबचा वळसा. पहाटे निघून, उपाशी पोटी उतरून थेट वजनकाट्यावर उभं राहण्यापेक्षा आदल्या रात्री कुणा नातेवाइकाकडे मुक्काम केलेला बरा. मंडळाने चषकाची उंची एक फूट कमी करावी, पण त्या पैशातून हा खर्च करावा.

मुलींचं तर आणखी अवघड. रात्रीच्या स्पर्धांना घरून पाठवत नाहीत, त्यामुळे सामनेच मिळत नाहीत. २०१५ साली अर्जुन पुरस्कार मिळालेली अभिलाषा म्हात्रे आपल्याच महाराष्ट्राची. आपल्या गावातल्या पोरींना निदान दिवसा होणाऱ्या दोन स्पर्धा मिळाल्या तरी फरक पडेल.

एक वही ठेवा

गावातल्या एखाद्या जुन्या खेळाडूला वही घेऊन बसवा. प्रत्येक सामन्यात पाच गोष्टी लिहायच्या : मुख्य चढाईपटू किती मिनिटं बाहेर होता, दुसऱ्या-तिसऱ्याने किती गुण आणले, पकडी किती यशस्वी आणि किती फसल्या, बोनस किती, लोण किती चढले. दहा सामन्यांनी वहीच सांगेल कुठे गळती आहे. चषकाच्या फोटोत ती दिसत नाही.

आणि दुखापत झाली तर लगेच मालिश नको. गुडघा सुजला तर बर्फ, आराम आणि हाडांचे डॉक्टर. साध्या एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. 'एक्स-रे चांगला आला' म्हणून दुसऱ्या दिवशी पोराला मैदानात उतरवू नका.

१५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीला आपण कबड्डी दिन करतो, हार घालतो, भाषणं होतात. त्या दिवशी मंडळाच्या बैठकीत तीन कामं वाटून घेतली तरी पुष्कळ झालं : कागद कोण बघणार, वही कोण लिहिणार, कोपऱ्यातल्या पोरांचा सराव कोण घेणार. भातकापणीपर्यंत चार महिने हातात आहेत.