प्रकाशाने सरकणारा मणी

पहिलीच्या वर्गातील मण्यांची पाटी आपण सर्वांनी हाताळली आहे. मणी तारेला चिकटवलेला नसतो. पण तारेची दोन्ही टोके चौकटीत अडकलेली असल्याने तो निसटतही नाही. अशाच रचनेचे रेणू रसायनशास्त्रज्ञ तयार करतात. दांड्यासारखा लांबट रेणू, त्यात ओवलेला वलयाकार रेणू आणि दोन्ही टोकांना अणूंचे जाडजूड गट. याला 'रोटॅक्झेन' म्हणतात. एकमेकांत गुंतलेल्या रेणूंवरील कामासाठी झाँ-पिएर सोव्हाज आणि फ्रेझर स्टॉडार्ट यांना बेन फेरिंगा यांच्यासह २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा मणी सरकवायला बोट नको, प्रकाश पुरतो. १९९७ साली जपानी संशोधकांनी दांड्यात ॲझोबेंझीनचा गट बसवला आणि त्यावर सायक्लोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून मिळणाऱ्या वलयाकार शर्करेचा मणी ओवला. अतिनील किरण पडताच सरळ असलेले ॲझोबेंझीन वाकते, वलयात मावेनासे होते आणि वलय बाजूला सरकते. दृश्य प्रकाश टाकला की गट सरळ होतो व वलय परत येते. वाकलेले ॲझोबेंझीन अतिनील किरण कमी शोषते, तर निळसर प्रकाश थोडा अधिक. म्हणून शोषण मोजले की रेणूची स्थिती कळते.

द्रावणात हे सहज घडते. उपकरणासाठी मात्र रेणूंचा पातळ थर काचेवर हवा आणि तेथे गर्दी असते. गच्च भरलेल्या एसटीत छत्री कशी उघडणार? दांडे खेटून बसले तर गट वाकत नाही. प्रकाश पडूनही थराचे शोषण फारसे बदलत नाही. अशा वेळी वलय उपयोगी पडते. ते शेजारच्या दांड्यांना दूर ठेवते. मात्र त्याला स्वतःला सरकायला दांड्यावर मोकळी जागा हवी. नाहीतर तेच अडसर ठरते.

थरातही हे रेणू काम करतात, हे २००५ साली डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी निराळ्या रोटॅक्झेनचा थर पृष्ठभागावर दिला. प्रकाशाने वलये सरकली, पृष्ठभागाचा गुणधर्म बदलला आणि डायआयोडोमिथेनचा थेंब १२ अंशांचा चढ चढून गेला. डोळ्यांना न दिसणाऱ्या हालचालींची बेरीज डोळ्यांना दिसली.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा असे आम्ही सुचवतो. वलय आणि दांडा यांच्यात रासायनिक बंध नाही, तरी बंध तोडल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत. मग हे दोन रेणू, की एकच?