विश्व थंडावलं आणि वस्तुमान आलं

लोखंडाचा चुंबक भट्टीत घालून तापवला, तर काय होतं? तापमान सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोहोचलं, की त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. म्हणून या तापमानाला ‘क्युरी तापमान’ म्हणतात. गोष्ट साधी आहे. पण मूलकणांना वस्तुमान कसं मिळालं, हे समजून घ्यायला ती फार उपयोगी पडते.

लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक. तापलेल्या लोखंडात हे चुंबक सारखे डळमळत असतात, त्यांची तोंडं कुठेही वळलेली असतात. त्यामुळे लोखंडाच्या दृष्टीने सगळ्या दिशा सारख्याच. हीच सममिती. ते थंड झालं, की शेजारशेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करतात. ती दिशा कोणती असावी, हे निसर्गाचा नियम सांगत नाही. नियमाच्या लेखी सर्व दिशा अजूनही समानच असतात. लोखंडाने मात्र त्यातली एक पत्करलेली असते. यालाच सममितीभंग म्हणतात.

आता लोखंडाच्या जागी सगळं विश्व घ्या. अवकाशात सर्वत्र एक क्षेत्र भरून आहे. ब्रसेल्समध्ये रॉबर्ट ब्राउट आणि फ्रान्स्वा आंग्लेर यांनी, तर एडिंबरामध्ये पीटर हिग्ज यांनी १९६४ मध्ये ही कल्पना मांडली. हिग्ज क्षेत्र हे त्याचं रूढ नाव. १९७२ मध्ये मॉस्कोतल्या डेव्हिड किर्झनित्स आणि आंद्रेई लिंडे यांनी दाखवून दिलं, की प्रचंड तापमानात या क्षेत्राचं सरासरी मूल्य शून्य होतं आणि मोडलेली सममिती पुन्हा जुळते.

विश्वाच्या आरंभी नेमकी हीच स्थिती होती. सेकंदाचे १०,००० कोटी भाग केले, तर त्यातला एखादा भाग उलटेपर्यंत तापमान सूर्याच्या गाभ्यापेक्षा दहा कोटी पटींहून अधिक होतं. तेव्हा इलेक्ट्रॉन, क्वार्क यांना आज आहे तसं वस्तुमान नव्हतं. पुढे विश्व थंडावलं, क्षेत्राला ठरावीक मूल्य आलं आणि त्याच्याशी जे कण निगडित होते, त्यांना वस्तुमान मिळालं. प्रकाशाचा कण फोटॉन मात्र तसाच राहिला. हे क्षेत्र चिखलासारखं कणांना अडवतं, असं सांगितलं जातं. पण ते बरोबर नाही. चिखलात वेग कमी होत जातो, इथे तसं काही होत नाही.

हे सारं आपल्या अस्तित्वाशी जोडलेलं आहे. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान जितकं कमी, तितका अणू मोठा. ते शून्य असतं, तर अणूच बनला नसता. मग पाणी नाही, माती नाही, आपणही नाही. पण आपलं सगळं वजन हिग्ज क्षेत्राने दिलेलं नाही. क्वार्कांना त्याच्याकडून मिळालेल्या वस्तुमानाचा वाटा प्रोटॉनमध्ये जेमतेम एक टक्का आहे. बाकीचं वस्तुमान म्हणजे क्वार्कांना एकत्र बांधणाऱ्या प्रबळ बलाची आणि त्यांच्या धावपळीची ऊर्जा. साठ किलोच्या माणसात हिग्ज क्षेत्राचा हिस्सा भरतो अर्ध्या किलोच्या आसपास!

४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज कणाचा शोध जाहीर केला. या प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता. कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट निघालं आणि त्यातून एक नवा पेच उभा राहिला. आजच्या सर्वमान्य सिद्धांतात हे वस्तुमान घालून गणित केलं, तर आरंभीचा बदल पाणी उकळताना बुडबुडे उठावेत तसा झाला नाही. तूप हळूहळू घट्ट होतं, तसा तो सावकाश झाला. बुडबुडे उठले असते, तर द्रव्य प्रतिद्रव्यापेक्षा थोडं जास्त का उरलं, याचं उत्तर तिथे शोधता आलं असतं. ती वाट आता या सिद्धांतापुरती बंद झाली आहे. वस्तुमान कसं आलं, हे बरंचसं उमगलं. पण ते मिरवायला द्रव्य शिल्लक कसं राहिलं, याचं उत्तर अजून शोधायचं आहे.