कोणाची गं तू?

ख्रिस्ती श्रद्धेची ओळख : लेखांक 7

मागच्या आठवड्यात आपण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या पहिल्या संबोधनापाशी थांबलो होतो. देवाला पिता म्हणायचे, इथपर्यंत आलो. आता पुढचा, अधिक अवघड भाग. पिता म्हटला की लेकरांची काळजी आली, आणि काळजी म्हटली की ज्याच्या घरात नुकतेच कोणी गेले आहे तो माणूस मान वर करून बघतो. मग माझ्या वेळी ती काळजी कुठे होती? हा प्रश्न बाजूला सारून देवाच्या मायेबद्दल कितीही गोड लिहिले तरी ते पोकळ राहील. म्हणून त्याला सोबत घेऊनच पुढे जाऊ.

1563 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे, तिथला शासक फ्रेडरिक तिसरा याच्या सांगण्यावरून, ख्रिस्ती शिकवणीची एक प्रश्नोत्तरावली तयार झाली. 129 प्रश्न, वर्षाच्या 52 रविवारांत वाटलेले. अशा पुस्तकाची सुरुवात देव कोण, सृष्टी कशी झाली अशा प्रश्नांनी होईल असे वाटते. तिथे पहिला प्रश्न सांत्वनाचा आहे: जगताना आणि मरताना तुला आधार कशाचा? उत्तर देणारा संकटे टळतील असे म्हणून सुरुवात करत नाही. आपण स्वतःच्या मालकीचे नसून येशू ख्रिस्ताचे आहोत, हे तो आधी सांगतो. आधार कशाचा असे विचारले, आणि उत्तर आले कोणाचा याचे.

आपल्याला हे परके वाटू नये. खेड्यात अनोळखी पोर दिसले की पारावरचे म्हातारे माणूस नाव विचारत नाही. ‘कोणाची गं तू?’ असे विचारते. उत्तर मिळाले की तिला घरापर्यंत पोचवणे, भाकरी देणे, रागावणे, सगळे ओघाने येते. उत्तरच देता आले नाही तर मात्र ते पोर सगळ्यांच्या नजरेत उघडे पडते.

या प्रश्नाला आयुष्यभर भिडलेली मराठी ख्रिस्ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे समाजकार्य आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. श्रद्धेचा प्रवास मात्र तिथे दोन ओळींत उरकलेला असतो, आणि मला तोच जास्त बोलका वाटतो.

23 एप्रिल 1858 रोजी गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात, रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे फिरत राहिले. दुष्काळ पडला, गाठीचा पैसा संपला. 1874 साली थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. उरलेल्या श्रीनिवास या भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. 1878 मध्ये कोलकात्याला पोचल्या, तिथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे मिळाली. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, 1881 मध्ये मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या सुरुवातीला पती पटकीने गेले.

तेवीस वर्षांची ती बाई, कडेवर तान्ही लेक. बाप नाही, भाऊ नाही, नवरा नाही. त्या काळात बाईची ओळख या तिघांपैकी कोणाच्या तरी नावाने चालायची, आणि इथे तिन्ही जागा रिकाम्या होत्या. डोक्यात हजारो श्लोक होते, नावामागे पदव्या होत्या. तरी ‘कोणाची?’ याला समाजाला पटेल असे उत्तर नव्हते.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले एक घर दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत, आणि भगिनी त्यांची मायेने देखभाल करत. रमाबाईंनी असे काही कधी पाहिले नव्हते. ज्यांच्या सावलीलाही लोक टाळतात त्यांच्यासाठी या बायका का राबतात, असे त्यांनी विचारले. उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो आणि खऱ्या उपासनेबद्दलची आपली एक फार मोठी शिकवण तिला सांगतो. त्याला तिचे सगळे आयुष्य ठाऊक आहे, तरी तो उठून जात नाही.

देवाच्या काळजीचा रमाबाईंवर उमटलेला पहिला ठसा असा होता. कोणी युक्तिवाद करून त्यांना पटवले नाही. आधी त्यांनी काळजी घेणारे हात पाहिले, मग त्या हातांमागची गोष्ट ऐकली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बहुतेक चरित्रे इथे प्रकरण संपवतात. रमाबाईंनी स्वतः ते संपवलेले नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. बाप्तिस्म्याने त्यांना एक नवे नाव दिले, पण त्या नावावर हक्क सांगणारे दोन्हीकडे उभे होते. इकडे पुण्यात त्या ‘बाटलेल्या’ ठरल्या. तिकडे चर्चच्या वडीलधाऱ्यांना वाटे की या लेकीने आता सांगू ते निमूटपणे मानावे. रमाबाईंनी मानले नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन शब्द कोरायची वेळ आली तेव्हा आमचे संस्कृत काय कमी पवित्र आहे, असे त्यांनी विचारले. श्रद्धेच्या बाबतीत माझा विवेक मी कोणा धर्मगुरूच्या हवाली करणार नाही, असे त्या पत्रांतून निक्षून सांगत राहिल्या. काहींना यात हट्ट दिसला. मला यात एक माणूस दिसते, जे कोणत्याही मंडळीचे होण्याआधी देवाचे होऊ पाहत होते.

बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, मायदेशी परतून मुंबईत 1889 ला सुरू केलेली शारदासदन ही त्यांची विधवांची शाळा पुण्यात स्थिरावल्यानंतर, त्यांना ती गोष्ट उमगली. आपण आहोत तशा, काहीही कमावून न आणता, देवाने स्वीकारलेल्या आहोत, ही खात्री त्यांना झाली. विद्वत्तेने, व्रतांनी, तीर्थयात्रांनी, अगदी चर्चच्या शिस्तीनेही जे हाताला लागले नव्हते ते दान म्हणून मिळाले.

प्रेषित पौलाने याच गोष्टीसाठी दत्तकविधानाचा आधार घेतला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो की विश्वासणाऱ्यांना दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे आणि त्यामुळे ते देवाला ‘अब्बा’ अशी हाक मारतात. त्याच्या वाचकांना हे रोमच्या कायद्यावरून कळत होते. रोममध्ये दत्तक जाणारा बहुधा प्रौढ पुरुष असे, वंश आणि मालमत्ता सांभाळण्यासाठी निवडलेला. ज्युलिअस सीझरने मृत्युपत्राने ऑक्टेव्हिअनला दत्तक घेतले ते असेच. दत्तक गेलेल्याचे जुन्या घराशी असलेले कायदेशीर नाते तुटे, आणि नव्या घरात तो पूर्ण वारस होई. पौलाने हा मान उचलून रोममधल्या त्या छोट्या मंडळीतल्या सगळ्यांना दिला, आणि तिथे गुलामही होते, बायकाही होत्या. आपल्याकडे हिंदूंमध्येही 1956 चा दत्तकाचा कायदा होईपर्यंत सर्वसाधारणपणे मुलगाच दत्तक घेता येत असे. मुलीला वारस म्हणून कोण निवडणार? पौलाच्या पत्रातला देव निवडतो. ती ओळख लेकराच्या कर्तबगारीवर उभी नसल्यामुळे त्याच्या अपयशाने पुसली जात नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. लेकरू आहे, तर मग भूक का?

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू चिमण्यांबद्दल बोलतो. मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. हिशेबाने चारच यायला हव्यात. पाचवी विकणाऱ्याने वर टाकलेली, बाजारात जिची किंमतच धरलेली नाही. येशू म्हणतो, तिचाही देवाला विसर पडलेला नाही. हे बोलणे सुखाच्या दिवसांतले नाही. शरीराला मारून टाकणाऱ्यांची भीती बाळगू नका, असे तो शिष्यांना याच दमात सांगतो आहे. मत्तयमध्ये तर चिमणी जमिनीवर पडते, हेही तो स्पष्ट बोलतो. पित्याच्या नकळत पडत नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

म्हणजे ख्रिस्ती सांत्वनात पडणारच नाही असे वचन नाही. हे सांगायला मला जड जाते, कारण आपल्या कितीतरी उपासनांत नेमके तेच वचन वाटले जाते: विश्वास ठेव, सगळे ठीक होईल. ज्याचे ठीक झाले नाही तो मग आपला विश्वासच कमी पडला असे समजून आणखी खचतो. हे त्याच्यावर ओझे लादणे आहे, आणि येशूच्या शब्दांत त्याला आधार नाही. शिवाय ज्याने हे सांगितले तो स्वतः क्रूसावर टाकला गेला. ख्रिस्ती माणूस देवाच्या काळजीवर विश्वास ठेवतो तो दुरून पाहणाऱ्या देवाच्या नव्हे, त्या पडण्यात स्वतः उतरलेल्या देवाच्या. भूक का, याचे उत्तर एवढ्यानेही पुरे होत नाही. पण उपाशी माणूस टाकलेला आहे, हे म्हणणे मात्र यापुढे टिकत नाही.

रमाबाईंनी आपल्या आईवडिलांच्या मृत्यूचा अर्थ लावून दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांनी वेगळे काही केले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. सोळाव्या वर्षी स्वतः जिथे होत्या तिथेच उभ्या असलेल्या मुली. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले, आणि तिथे मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला जे पाहिले होते ते आता दौंड-पुण्याच्या माळावर मराठीत सुरू झाले.

तिथला दिवस शेतीचा, विणकामाचा, तेलघाण्याचा, छापखान्याचा होता. टाकलेल्या पोरी खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर हाती घेतले. कमी शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून ते साध्या मराठीत केले, आणि ते छापायचे कामही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. दुष्काळात जिला कोणी विचारले नव्हते तिच्या हातून शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीचे पान छापून निघत होते. देवाच्या काळजीतून माणसाची ओळख कशी घडते, हे मला याहून नेमके कुठे दिसलेले नाही. आधी तिला कोणीतरी आपले म्हटले. मग तिला कळले की आपल्याला हात आहेत, डोके आहे, कोणाला तरी आपली गरज आहे.

रमाबाईंचे शेवटचे वर्षही सोपे गेले नाही. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्यापूर्वी भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले होते.

हे सगळे आजच्या आपल्या मंडळ्यांना विचारण्यासारखे आहे. नगर-जालन्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांना अजूनही दोन्हीकडून ‘तुम्ही नक्की कोणाचे?’ असे विचारले जाते. गावाकडे जुनी जात सुटत नाही, शहरात नवा धर्म खटकतो. त्यांना व्यासपीठावरून तुम्ही देवाची लेकरे आहात असे सांगणे खरेच आहे. पण विधवा बाई तीन रविवार उपासनेला आली नाही आणि तिच्या दारी कोणीच गेले नाही, तर ते वाक्य तिच्यापर्यंत पोचत नाही. पाळकांनी एकट्याने जाऊन भागत नाही. शेजारच्या बाकावर बसणाऱ्याने जायचे असते, डबा घेऊन. दुःखाच्या घरी ‘देवाची इच्छा’ म्हणायची घाई करू नये; बसावे, ऐकावे, बोलायला सुचत नसेल तर गप्प राहावे.

आणि त्या घरातले माणूस देवावरच रागावलेले असेल तर? त्यालाही बायबलमध्ये जागा आहे, चांगली ऐसपैस. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी पुष्कळ स्तोत्रे तक्रारीची आहेत, आणि 88 वे तर अंधारातच संपते. पुढच्या आठवड्यात ती स्तोत्रे घेऊ.