‘काही नाही, घरीच असते!’

तालुक्याच्या कॉलेजात दर शनिवारी मी अकरावीच्या मुलींचा एक तास घेते. हा तास अभ्यासक्रमात नाही. पेपरात आलेला एखादा आकडा फळ्यावर लिहायचा आणि त्याची उलटतपासणी घ्यायची, एवढंच. गणिताला घाबरणाऱ्या मुलीही यात रंगतात, कारण इथं बेरीज-वजाबाकीपेक्षा भोचकपणा जास्त लागतो. कुणी विचारलं? कुणाला? आणि नेमकं काय विचारलं?

मध्यंतरी दोन आकडे लिहिले. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के काम करत होत्या किंवा शोधत होत्या. २०२३-२४ मध्ये हेच प्रमाण ४१.७ टक्के झालं. मुलींनी टाळ्याच वाजवल्या! मग मी विचारलं, “तुमच्यापैकी किती जणींच्या आया काम करतात?” हात वर आले जेमतेम सहा. बाकीच्यांचं उत्तर तुमच्या-माझ्या चांगलंच ओळखीचं, “काही नाही, घरीच असते.”

म्हटलं, ठीक आहे. ही ‘काही नाही’ दिवसभर काय करते, ते एक दिवस घड्याळ लावून लिहून आणा.

पुढच्या शनिवारी वह्या आल्या. पाणी, गोठा, स्वयंपाक, घरच्या कपाशीत खुरपणी, येताना डोक्यावर सरपणाचा भारा, रात्री पोरांच्या कपड्यांना टाके. मग मी त्यांना पाहणीतली गंमत सांगितली. तिथं प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळतो. फक्त घरकाम करणारी ती ९२. घरकामाबरोबर घरासाठी सरपण गोळा करणारी, शिवणटिपण करणारी ती ९३. या दोघीही कामगारांच्या हिशेबाबाहेर! पण घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणारी २१, आणि ती मात्र कामगार. आता या कपाशीवाल्या आईला कुठं बसवायचं? ते पुष्कळसं उत्तर कोण देतंय आणि विचारणारा किती खोदून विचारतोय, यावर ठरतं.

म्हणून टाळ्या जरा सबुरीनं वाजवायच्या. आकडा खोटा नाही. पण याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याही त्यातच मोजतात. बायकांना नोकऱ्या लागल्या, असा सरळ अर्थ त्यातून निघत नाही.

सगळ्यात हशा पिकला तो ज्वारीवर. घरी खाण्यासाठी ज्वारी पिकवली तर या पाहण्यांच्या लेखी ते काम. तीच ज्वारी दळून घरच्यांसाठी भाकरी थापली तर काम नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, तीच भाकरी डब्यातून मास्तरांना विकली तर?” तर ते काम!

२०१९ मध्ये सरकारनं लोकांचा वेळ कुठं जातो याचीही पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७. ‘म्हणजे पुरुष दीड तास करतात की!’ असं एकीला वाटलं. तेवढ्यात दुसरीनं तक्त्यावर बोट ठेवलं. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची, आणि मुळात ते करणारे शंभरात सव्वीसच. स्त्रिया एक्याऐंशी. हे मी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिनंच हुडकलं. मला कोण आनंद झाला!

सरकार योजना आखतं ती अशाच तक्त्यांवरून, आणि घरी पाहणीवाला आला की उत्तरं द्यायला पुढे होतो बहुधा घरचा कर्ता. त्या कपाशीवाल्या मुलीनं आता वडिलांना बजावून ठेवलंय की कुणी विचारायला आलं तर आईलाच बोलवायचं.

आई म्हणाली, “ते दुपारचेच येणार. तेव्हा मी रानात असेन.”