तारा कुरतडलेल्या मोटारीतील बिघाडाचा शोध

श्रावण व भाद्रपद महिन्यांतील सोमवारी उज्जैन येथे महाकालाची सवारी निघते. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे तेथील श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. तथापि सवाऱ्यांचा क्रम भाद्रपदातही चालू राहत असल्याने महाराष्ट्रातील श्रावणी सोमवारही त्यात येतात. शिंद्यांची राजधानी पुढे ग्वाल्हेरला गेली, तरी उज्जैनशी असलेला मराठी माणसाचा संबंध तुटला नाही. नाशिक व खानदेशातील अनेक कुटुंबे धुळे, सेंधवा, इंदूर या मार्गाने मोटारीने तेथे जातात. मोटार रात्री धर्मशाळेच्या आवारात उभी राहते. पावसाचे पाणी बिळांत शिरल्यामुळे उंदीर कोरडी व ऊबदार जागा शोधीत बॉनेटखाली येतात, आणि सकाळी चावी फिरविल्यावर मोटार सुरू होत नाही.

अशा वेळी बॅटरी बदलण्याचा सल्ला सर्वत्र फुकट मिळतो. त्यापायी कित्येक हजार रुपये खर्च होतात व कुरतडलेली तार आहे तेथेच राहते. दुसरा उपाय त्याहून घातक होय. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून मोटार कशीबशी चालू केली जाते, आणि पुढे परतीच्या वाटेवर वायरिंग पेट घेते. हे दोन्ही टाळावयाचे असल्यास वीज कोणत्या मार्गाने जाते हे जाणून तो मार्ग क्रमाने तपासला पाहिजे.

बॅटरीच्या धन टोकापासून एक जाड केबल सेल्फकडे, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणाऱ्या विजेच्या मोटारीकडे जाते. ऋण टोक मोटारीच्या सांगाड्याला व इंजिनाला जोडलेले असते. कारागीर त्यास अर्थ म्हणतात. सेल्फ फिरताना लहान मोटारीतही साधारणपणे शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो. एवढा प्रवाह चावीच्या खटक्यातून नेता येत नाही. म्हणून चावी एका बारीक तारेने सॉलेनॉईडला केवळ हुकूम देते व सॉलेनॉईड जाड केबलचा मार्ग जोडतो. इंधनाचा पंप, इंजिनाचे संगणकयंत्र व त्याला खबर देणारे सेन्सर यांच्या तारा निराळ्या असून त्या फ्यूज व रिले यांतून जातात. उंदराचा दात बहुधा या बारीक तारांवरच पडतो.

चावी फिरविल्यावर काय घडते ते आधी लक्षपूर्वक पाहावे व ऐकावे. एकही दिवा लागत नसेल, तर दोष मुळाशी, म्हणजे बॅटरीची टोके, मुख्य फ्यूज अथवा अर्थ यांत असतो. दिवे मंदावून कटकट असा आवाज येत असेल, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जाड मार्गात अडथळा आहे. दिवे प्रखर असून सेल्फ अगदी मूक असेल, तर हुकूम नेणारी बारीक तार, तिचा रिले किंवा क्लच व गिअर यांजवळचा खटका संशयास्पद ठरतो. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पकड घेत नसेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे इंधनपंप, सेन्सर अथवा ठिणगी देणाऱ्या यंत्रणेच्या तारा पाहावयाच्या असतात. चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा असलेल्या मोटारीत तिचा दिवा लुकलुकत राहिल्यास त्या यंत्रणेचाही विचार करावा लागतो.

मोजमापासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. विसावलेली, पूर्ण भारित बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते; 12 च्या खाली ती बहुतांशी उतरलेली समजावी. सेल्फ फिरत असताना दाब 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये. मात्र केवळ उभ्या स्थितीतील आकड्यावर विसंबून राहिल्यास फसगत होते, आणि अनेक कारागीर येथेच चकतात.

ही गोष्ट शेतीच्या पाटावरून समजून घेता येईल. गाळाने भरलेल्या चारीचे दार बंद असताना दारापाशी पाण्याची पातळी पुरेशी दिसते. दार उघडताच ती झरझर उतरते व शेताला जेमतेम धार मिळते. दहा पदरांपैकी नऊ तुटलेल्या तारेचे तसेच असते. प्रवाह वाहत नाही तोवर मीटर तिच्या टोकाशी 12 व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढीत नाही. पंप किंवा सॉलेनॉईड काम मागू लागला की तोच दाब कोसळतो. म्हणून तारेची परीक्षा ती भार वाहत असतानाच घेतली पाहिजे. अर्थची परीक्षाही याच रीतीने होते. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी आणि सोबतीस चावी फिरविण्यास सांगावे. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास अर्थचा सांधा सैल किंवा गंजलेला आहे असे समजावे.

तारा हाताळण्यापूर्वी ऋण टोक सोडवून ठेवावे. हातमोजे घालावेत, कारण उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होऊ शकते. लेंड्या, ओला कचरा किंवा कातरलेले प्लास्टिक जेथे दिसेल तेथील जुडगा उलगडून त्याची मागची बाजूही पाहावी. वरून धड दिसणारी तार खालून सोललेली असणे ही नित्याची गोष्ट आहे. पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना सळई लावू नये. संकरित व विद्युत मोटारींतील नारिंगी केबल प्राणघातक दाबाच्या असल्याने त्यांना स्पर्शही करू नये.

फ्यूज जळाला असल्यास त्याच अँपिअरचा नवा एकदाच घालून पाहावा. तोही जळाला, तर दोन उघड्या तारा एकमेकींना अथवा सांगाड्याला भिडल्या असण्याचा संभव मोठा असतो. तिसरा फ्यूज वाया घालविण्याऐवजी ती जागा शोधावी. रिलेचा संशय असल्यास त्याच बनावटीचा व क्रमांकाचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तेथे लावून पाहता येतो. धक्का मारून मोटार चालू करण्याची रीत केवळ हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत, व दोष सेल्फच्या मार्गापुरता असेल तेव्हाच उपयोगी पडते. शिप्रेच्या पुराचे पाणी मोटारीत शिरले असल्यास मात्र चावी मुळीच फिरवू नये. इंजिनात पाणी गेलेले असल्यास सेल्फच्या एका फेऱ्यातही आतील दांडा वाकू शकतो.

तुटलेली तार नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे पावसाळ्यात टिकत नाही. ओलाव्याने तांबे हिरवे पडते व तो गंज आवरणाखालून आत सरकतो. काळवंडलेला भाग कापून टाकावा, त्याच जाडीची तार जोडावी, सांधा डाखाने किंवा दाबजोडाने पक्का करावा व त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. अनेक तारा तुटल्या असल्यास सांधे एकाच जागी न घेता मागेपुढे घ्यावेत. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. उज्जैनहून इंदूर सुमारे 55 किलोमीटर आहे. तेथे थांबून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडावे व प्रत्येक नवीन सांधा शेजारच्या तारांपेक्षा अधिक तापला आहे काय ते पाहावे. तसे आढळल्यास बिजासन घाटाकडे न जाता तो सांधा तेथेच पुन्हा करून घ्यावा.