नौकातळावरील जीवसंचय आणि त्यावरील निर्विष उपाय

पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला ज्या नदीच्या काठी आहे, तिला वरच्या भागात तिळारी आणि खाली शापोरा म्हणतात. हळर्णहून मुखाकडे जावे तसतसा पाण्याचा खारेपणा वाढतो. तिथे नांगरून ठेवलेल्या होड्यांच्या तळाला शेवाळ, कालवे, शिणाणे आणि बार्नेकल धरतात. या प्रक्रियेला सागरी जीवसंचय म्हणता येईल.

पृष्ठभाग पाण्यात बुडताच त्यावर सेंद्रिय रेणूंचा थर बसतो, मग जीवाणू व डायटम यांचे बुळबुळीत जैवपटल तयार होते. बार्नेकलची अळी शेवटच्या अवस्थेत काहीही खात नाही. साठवलेल्या ऊर्जेवर ती स्पर्शिकांनी जागा चाचपडत फिरते, पसंत पडली की सिमेंटसारखा स्राव सोडून कायमची चिकटते आणि भोवती चुनखडीचे कवच उभारते. तळ असा खरबरीत झाला की पाण्याचा रोध वाढतो आणि इंधन जास्त जळते.

यावरचे जुने उपाय बहुधा विषारी होते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. विसाव्या शतकातील ट्रायब्युटिल टिनचे रंग अत्यंत प्रभावी ठरले. परंतु अतिसूक्ष्म प्रमाणातही त्यांच्यामुळे मादी गोगलगायींना नराची इंद्रिये फुटू लागली. अखेर २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने हे रंग वर्ज्य ठरवले; तो २००८ मध्ये अमलात आला.

निर्विष उपायांत सिलिकॉनचे लेप प्रमुख आहेत. ते जीवाला मारत नाहीत, त्याची पकड सैल ठेवतात. जहाज वेगाने धावले की तो गळून पडतो. शार्कच्या त्वचेच्या धर्तीवर सूक्ष्म नक्षीचे पृष्ठभागही तयार झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील डेलिसिया या लाल शेवाळातील संयुगे जीवाणूंमधील रासायनिक संदेश रोखतात. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही जीवसंचयाचा अभ्यास दीर्घकाळ चालू आहे.

मात्र सिलिकॉनचा लाभ धावत्या जहाजाला. संथ चालणाऱ्या, दिवसेंदिवस धक्क्याला बांधून ठेवलेल्या होडीला तो फारसा मिळत नाही. तिच्यासाठी गोड्या पाण्याचा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. पावसाळ्यात शापोऱ्याचा खारेपणा झपाट्याने घटतो आणि खाऱ्या पाण्यातील जीव मरू लागतात. बार्नेकल कवचाची दारे मिटून काही दिवस तग धरतो, म्हणून होडी गोड्या पाण्यात पुरेसा काळ ठेवावी लागते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की वाळलेला थर खरवडता येतो. लाकडी होडीला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची कोकणातील रीत लाकूड टिकवते. खरवडलेल्या थरात जुन्या रंगाचे कण असतात, त्यामुळे तो ताडपत्रीवर गोळा करावा लागतो. नदीत गेला तर त्यातील तांबे गाळात साचते.