पस्तीस सेकंदांसाठी अठराशे किलोमीटर

नोव्हेंबरातला मंगळवार, पहाटेचे साडेतीन. ॲरिझोनातल्या चँडलर गावी आमच्या दारासमोर पांढरी व्हॅन येऊन उभी राहिली, तेव्हा मी दिवाळीचा उरलेला चिवडा डब्यात भरत होते. व्हॅनच्या मागच्या भागात सात छोट्या सायकली टांगलेल्या. खाली अवजारांची पेटी, हवेचा पंप, बर्फाची पेटी, अंथरुणांच्या वळकट्या. चालकाच्या जागेवर सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ, कमरेमागे उशी लावून बसलेले. व्हॅनमधली मुलं, त्यांत माझा मुलगाही, त्यांना कोच म्हणतात, मीही तेच म्हणते. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. वीस वर्षांहून जास्त काळ ते बीएमएक्सवर पोट भरताहेत. आम्हाला ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर गाठायचं होतं. अंतर सुमारे 1,800 किलोमीटर. आणि ज्या शर्यतीसाठी कोच निघाले होते, तिची एकेक फेरी चालते पस्तीस-चाळीस सेकंद.

मी मूळची कोल्हापूरची. लहानपणी बाबांबरोबर खासबाग मैदानात कुस्त्या पाहिल्या आहेत. जिंकणाऱ्या तरुण पैलवानाला लोक डोक्यावर घेत. बाबा मात्र मला कडेला बसलेले वस्ताद दाखवायचे. जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरलेला, कान चेपलेला, आता तालमीत पोरं घडवणारा माणूस. कोचना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तेच वस्ताद आठवले. फरक इतकाच, की या वस्तादांनी लंगोट अजून खुंटीला टांगलेला नाही.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. जन्म दक्षिण कॅलिफोर्नियातला, आणि तोही पोरांच्या हातून. 1963 मध्ये श्विन कंपनीने स्टिंगरे नावाची सायकल बाजारात आणली होती, 20 इंची चाकांची आणि उंच हँडलची. मोठी माणसं माळावर मोटरसायकली उडवत, त्याचीच नक्कल मुलांनी या सायकलींवर सुरू केली. नोव्हेंबर 1970 मध्ये लाँग बीच इथे स्कॉट ब्राइटहाउप्ट नावाच्या 13 वर्षांच्या मुलाने मोकळ्या जागेत शर्यत भरवली. प्रवेशशुल्क पंचवीस सेंट. बक्षीस म्हणून त्याने मोटरसायकलच्या शर्यतींत स्वतः मिळवलेले चषक देऊन टाकले. पुढच्याच वर्षी ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाच्या सुरुवातीला अशी सायकलवरची पोरं पडद्यावर आली आणि हे लोण देशभर पोचलं. 1977 मध्ये ॲरिझोनात अमेरिकन बायसिकल असोसिएशन निघाली. आज ‘यूएसए बीएमएक्स’ म्हणतात ती हीच संस्था, आणि तिच्या छत्राखाली तीनशेहून अधिक ट्रॅक आहेत. ‘ई.टी.’ सिनेमात पोरं परग्रहवासी पाहुण्याला टोपलीत घालून पळवतात, त्या सायकली आठवतात ना? त्या कुवाहारा कंपनीच्या बीएमएक्सच. ऑलिम्पिकचं दार उघडायला मात्र 2008 उजाडलं. बीजिंगमधलं पुरुषांचं पहिलं सुवर्ण लाटव्हियाच्या मारिस श्ट्रोमबर्ग्सने नेलं आणि 2012 मध्ये लंडनलाही पुन्हा त्यानेच.

शर्यतीचं गणित साधं आहे. मातीच्या उंच टेकाडावर, खाली पडणाऱ्या गेटमागे, आठ जण ओळीने उभे राहतात. उतार, उड्या, वळणांवर मातीचे तिरके बांध, पुन्हा उड्या. सगळा ट्रॅक तीनशे-चारशे मीटरचा. ऑलिम्पिकमधलं सुरुवातीचं टेकाड आठ मीटर उंच असतं आणि तिथून खाली येताना वेग तासाला साठ किलोमीटरच्या घरात जातो. सायकलला गिअर एकच, ब्रेकही एकच, मागचा. खोगीर इतकं खाली, की त्यावर कोणी बसतच नाही. आधी तीन फेऱ्या, त्यांना मोटो म्हणतात. त्यातून वर आलेल्यांची उपांत्य आणि मग अंतिम फेरी. म्हणजे दिवसभरात सगळं मिळून शर्यत होते तीन-चार मिनिटं. बाकी सगळा वेळ वाट पाहण्याचा, आणि त्याहून जास्त रस्त्याचा.

त्या रस्त्याविषयी कोणी फारसं बोलत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

चँडलरहून फ्लॅगस्टाफपर्यंत चढच चढ. वाळवंटातले निवडुंग मागे पडतात, पाइनची झाडं सुरू होतात आणि 2,100 मीटर उंचीवर नोव्हेंबरात रस्त्याकडेला बर्फ दिसू लागतो. तिथून इंटरस्टेट 40 धरायचा. गॅलप, अल्बुकर्की, तुकुमकारी. जुना रूट 66 अधूनमधून बाजूला दिसतो आणि पुन्हा नाहीसा होतो. कोच दर दोन तासांनी थांबतात. पेट्रोल भरून झालं की व्हॅनच्या सावलीत चटई टाकतात, उताणे पडून एकेक पाय भिंतीला लावावा तसा व्हॅनच्या दाराला लावतात. उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी. डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. गळ्याच्या हाडावर टाके घातल्याचा व्रण आहे आणि त्याखाली धातूची पट्टी. थंडी पडली की आधी या पट्टीला कळते, म्हणाले. मुलं तेवढ्यात दुकानातून चिप्स घेऊन येतात. मी चिवडा पुढे केला. त्यांनी मूठभर घेतला, शेंगदाणे बाजूला काढून आधी खाल्ले आणि विचारलं, “यात मीठ किती आहे?” पंचवीस वर्षं शरीरावर जगणारा माणूस मूठभर चिवड्याचाही हिशेब ठेवतो.

विशी-पंचविशीत ते बहुतेक विमानाने फिरत. तेव्हा सायकल बनवणाऱ्या एका कंपनीच्या संघात होते. प्रवासाचा खर्च, सायकल, कपडे सगळं कंपनीचं आणि वर पगार. सायकल खोलून पिशवीत भरण्याचं कसब त्यांनी मला मोटेलच्या खोलीत करून दाखवलं. आधी टायरमधली हवा सोडायची. पायडल काढून मोज्यात गुंडाळायचे, दोन्ही चाकं काढायची, हँडल फिरवून सांगाड्याशी समांतर बांधायचं, चेनवर जुना टॉवेल. घड्याळ लावून अकरा मिनिटं. मोठ्या चाकांच्या शर्यतीच्या सायकलीला पेटारा लागतो. ही बेताच्या पिशवीत मावते. मग जिथे विमान नेईल तिथे जायचं, चौघांत मिळून मोटेलची एक खोली घ्यायची आणि दोघांनी जमिनीवर झोपायचं. सोमवारी परत. शुक्रवारी पुन्हा निघायचं.

तिशी उलटली, कंपनीने करार वाढवला नाही. असं सगळ्यांचंच होतं, त्यात त्यांना कडवटपणा नाही. आता सायकलचा सांगाडा एकाकडून, टायर दुसऱ्याकडून, हेल्मेट तिसऱ्याकडून, आणि रोख पैसे कोणाकडूनच नाहीत. अमेरिकेत व्हेट प्रो नावाचा वर्ग आहे, वय वाढलेल्या व्यावसायिकांसाठी. बक्षीस रोख असतं, पण त्यावर घर चालत नाही. घर चालतं शिकवण्यावर. कोच एखाद्या गावी शर्यतीला जाणार असले, की तिथल्या ट्रॅकवाल्यांशी आधी बोलून ठेवतात. शर्यतीच्या आधी किंवा नंतर एक दिवस ते मुलांचा वर्ग घेतात, क्लिनिक म्हणतात त्याला. वीस-पंचवीस मुलं, तीन तास. शर्यतीचं प्रवेशशुल्क, पेट्रोल, मोटेल त्यातून निघतं. वर्षातले सहा महिने असेच जातात. स्वतःचा आरोग्य विमा स्वतः भरायचा, आणि या खेळात तो लागतोच.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना असाच एका क्लिनिकला गेला होता. मी कुंपणाशी उभी होते. कोचनी पहिला तासभर कोणाला पायडलच मारू दिलं नाही. गेटवर दोन्ही पायडलांवर उभं राहायचं, पुढचं चाक गेटला टेकवून तोल धरायचा, श्वास सोडायचा. मुलं कंटाळली, एक-दोन पालक कुरकुरले. कोच गुडघ्यावर बसले, एका मुलाच्या टाचेचा कोन हाताने बदलला आणि म्हणाले, “आता.” पोरगं बाणासारखं सुटलं. तालमीत वस्तादाने पोराच्या मानेवर नुसता हात ठेवला की त्याचा पवित्रा सुधारतो, अगदी तसं.

रात्री आठनंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा कोचचा नियम. कितीही जवळ आलो असू, थांबायचं. काइल बेनेट हा टेक्ससचा खेळाडू तीनदा जगज्जेता झाला, बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून उतरला, आणि 2012 मध्ये वाहन अपघातात गेला. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. कोचच्या पिढीतल्या सगळ्यांना तो दिवस आठवतो. आम्ही अमारिलोला थांबलो.

तिथल्या मोटेलात जेवताना आमच्या व्हॅनमधली अकरा वर्षांची मुलगी आपलं हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. हेल्मेटवर अलीस विलबीची सही. अलीस मिनेसोटाची, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिला रौप्य मिळालं. तिचा तेव्हाचा होणारा नवरा सॅम विलबी, ऑस्ट्रेलियाचा, 2012 चा रौप्यविजेता. रिओनंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा सरावात पडून सॅमच्या मानेच्या मणक्याला इजा झाली आणि शरीर लुळं पडलं. त्याने व्हीलचेअरवरून अलीसला शिकवायला घेतलं. 2017 मध्ये ती जगज्जेती झाली, 2019 मध्ये पुन्हा, आणि 2024 मध्ये तिसऱ्यांदा, वयाच्या 33 व्या वर्षी. ती मुलगी हे सगळं पाठ केल्यासारखं सांगत होती. कोच ऐकत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “तुम्ही आई आहात, तुम्हाला लपवून ठेवणार नाही. हा धोका आहेच. म्हणून मी आधी पडायला शिकवतो.” मला त्यांचा हा स्पष्टपणा आवडतो. मुलाला या खेळात ठेवावं का, हा प्रश्न मला दर हंगामात पडतो आणि दर हंगामात मी त्याचं उत्तर नव्याने शोधते.

टल्सा. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात इथे ग्रँड्स होतात, वर्षभराच्या हंगामाचा शेवट. सगळा देश त्या गुरुवारी घरी टर्की खातो. बीएमएक्सवाली घरं टल्साच्या हॉटेलांत जे मिळेल ते खातात. शर्यती होतात त्या एक्स्पो स्क्वेअरच्या दाराशी तेलविहिरीच्या कामगाराचा 23 मीटर उंच सोनेरी पुतळा आहे. आत प्रचंड दालनात ट्रकांनी माती आणून ट्रॅक उभा केलेला असतो. ओल्या मातीचा वास, पॉपकॉर्नचा वास, आणि पाच वर्षांच्या चिमुरड्यांपासून साठी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सगळे हेल्मेट घालून रांगेत. आजोबा, मुलगा आणि नात एकाच दिवशी, एकाच गेटवरून सुटलेले मी इथे पाहिले. असं दुसऱ्या कुठल्या खेळात होत असेल, तर मला पाहायला आवडेल.

फलकावर मोटोंच्या याद्या लागल्या की झुंबड उडते. कोणाची फेरी कितवी, कोणती रांग, हे मुलं पेनाने हातावर लिहून घेतात. कोचही लिहितात. त्यांच्या मनगटावर तीन आकडे होते. मग ते कोपऱ्यात रोलरवर सायकल ठेवून पाऊण तास संथ पायडल मारत राहिले. शेजारी अठरा वर्षांची पोरं कानात गाणी घालून उड्या मारत होती. विशीत दहा मिनिटांत शरीर तापायचं, आता पाऊण तास लागतो, म्हणाले.

अंतिम फेरी. आठ जण टेकाडावर. दालनात एकदम शांत होतं आणि ध्वनिमुद्रित आवाज घुमतो: “ओके रायडर्स, रँडम स्टार्ट. रायडर्स रेडी. वॉच द गेट.” त्यानंतर किती वेळाने दिवे लागतील, हे मुद्दाम अनिश्चित ठेवलेलं असतं, म्हणजे कोणी अंदाजाने सुटू नये. त्या क्षणभरात कोच दगडासारखे स्थिर होते. गेट पडलं. पहिल्या उडीला ते सातवे. पहिल्या वळणावर पुढचे दोघे बांधाच्या वरच्या बाजूला ओढले गेले आणि कोच खालून, आतल्या अंगाने निसटले. शेवटच्या सरळ पट्ट्यात एकही पायडल न मारता, नुसतं हातापायांनी सायकल उंचवट्यांवर दाबत-उचलत त्यांनी आपली जागा राखली. पाचवे आले. बक्षिसाच्या पाकिटात परतीच्या पेट्रोलपुरते पैसे होते. हेल्मेट काढल्यावर त्यांनी माझ्या मुलाला पहिली गोष्ट विचारली ती अशी: “पहिल्या वळणावर मी काय केलं, पाहिलंस?”

वयाचा मुद्दा लोक काढतातच. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची तिन्ही पदकं फ्रान्सने नेली. सुवर्ण जिंकलेला जोरिस दोदे तेव्हा 33 वर्षांचा होता आणि ते त्याचं चौथं ऑलिम्पिक होतं. माझ्या मते तिशीनंतर या खेळात माणूस संपत नाही. त्याचे पैसे संपतात. कोचसारख्या माणसांना मोठ्या कंपन्यांनी खेळाडू म्हणून सोडलं तरी शिक्षक म्हणून सांभाळायला हवं. आज कुंपणाशी उभे असलेले आईबाप मिळून ते करताहेत, क्लिनिकच्या फीमधून.

सोमवारी संध्याकाळी अल्बुकर्कीला कोचचं क्लिनिक ठरलेलं होतं. परतीच्या वाटेत थांबून आम्ही ते पाहिलं. प्रकाशझोताखाली वीसेक मुलं गेटवर तोल धरून उभी, आणि हे गुडघ्यावर बसून टाचा बघताहेत.

उन्हाळ्यात मुला-मुलींकडे अमेरिकेला येणारे मराठी आईवडील दरवर्षी किती तरी असतात. नायगारा होतो, मॉल होतात, नंतर दिवस जात नाही. गावात बीएमएक्सचा ट्रॅक आहे का, हे एकदा नातवंडांना विचारा. सरावाच्या संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून बघायला कोणी अडवत नाही, आणि मुलांना एक दिवस फुकट चालवून पाहता येतं. लांब बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट घालून पाठवा. आणि तिथे कमरेला उशी लावून व्हॅनमधून उतरणारे पन्नाशीकडे झुकलेले कोणी दिसले, तर त्यांच्या वर्गात मुलाचं नाव आधी नोंदवा.